चार वाजताचं पाणी

कूलर भरणं हे हलकट काम आहे. बादली छातीच्या वर उचलायची, टाकीच्या फटीतून ओतायची, निम्मं पाणी आपल्याच सलवारीवर सांडायचं, आणि तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडणार, "हवा गरम येऊन राहिली!" रविंद्र सरांच्या निवासी क्रॅश कोर्समध्ये असे चार कूलर होते: वर्गाचा, सरांच्या खोलीचा, मुलींचा आणि मुलांचा. चारही मी भरायचे. दुपारी साडेबाराला एकदा आणि चारला एकदा. त्याबदल्यात माझी फी माफ होती. बाकीची मुलं मला 'स्कॉलरशिपवाली' म्हणायची. मागून म्हणायची 'कूलरवाली'. मला दोन्ही ऐकू यायचं.

सावनेरच्या पुढं अकरा किलोमीटर आत, बंद पडलेल्या कोळसा खाणीचा जुना साहेबांचा बंगला सरांनी भाड्यानं घेतला होता. जाहिरातीत 'शांत, एकांत परिसर' असं छापलं होतं. एकांत अगदी खरा होता. एकच रस्ता, त्याच्या तोंडाशी फाटक, फाटकावर म्हातारा चौकीदार कवडूकाका आणि त्याच्या चार बकऱ्या. बंगल्यामागं बाभळीचं रान. रान संपलं की खाणीतून उपसलेल्या मातीचा टेकडीएवढा ढिगारा, आणि ढिगाऱ्याच्या पलीकडं टप्प्याटप्प्यानं खोल उतरलेला खड्डा, तळाशी हिरवं पाणी. मुलांचे मोबाईल सरांच्या कपाटात कुलपात. असते तरी उपयोग नव्हता. रेंज फक्त त्या ढिगाऱ्याच्या टोकावर यायची.

आम्ही रंगारी, खापरखेड्याचे. बाबा गेल्यापासून आई घरोघरी पोळ्या करायची. सरांनी तिला इथं स्वयंपाकाला आणलं. तिचं नाव प्रेमिला, पण इथं ती सगळ्यांची मावशी. माझा मोठा भाऊ प्रीतम ट्रॅक्टरवर पाण्याचा टँकर आणायचा, कारण बंगल्याची विहीर मार्चमध्येच आटली होती. म्हणजे अख्खं घर कोर्सला जुंपलेलं, आणि डॉक्टर होणार मी एकटी. परीक्षेला बारा दिवस उरले होते. माझी झोप उडाली होती, भूक मेली होती, आणि कोणी साधं 'काय गं' म्हटलं तरी मी खेकसायचे.

त्या शनिवारी सराव परीक्षा झाली आणि सरांनी एका दिवसाची सुट्टी दिली. सगळे घरी गेले. राहिलो आम्ही चौघं. मी कुठं जाणार, माझं घर इथंच पोळ्या लाटत होतं. नूपुर माझ्या खोलीत राहायची. घरी गेलं की पाहुणे अभ्यास करू देत नाहीत, म्हणून ती थांबली. पुष्करचे आईबाबा रायपूरला लग्नाला गेलेले. आणि गौरांगला त्याच्या पप्पांनी सांगितलं होतं, आता निकाल घेऊनच घरी यायचं.

गौरांगबद्दल आधीच सांगून टाकते. धंतोलीतल्या मोठ्या डॉक्टरांचा मुलगा. हे त्याचं दुसरं वर्ष, आणि दर सराव परीक्षेत पहिला. त्यानं मला फिजिक्स शिकवलं, एकदाही तोंड वाकडं न करता. तो मला करिष्मा म्हणायचा, फक्त करिष्मा. मला तो आवडायचा. यात लपवण्यासारखं काही नाही, आता तर नाहीच.

पुष्कर त्याच्या उलट. तोंडाळ. शनिवारी रात्री ताटात परत वांगं पाहून त्यानं ताट ढकललं आणि आईला म्हणाला, "मावशी, मुलगी फुकटात शिकून राहिली ना तुमची, मग आम्हाला निदान जेवण तरी नीट द्या." प्रीतम दारात पाण्याचा कॅन घेऊन उभा होता. त्यानं कॅन खाली ठेवला आणि पुष्करची कॉलर धरली.

"पुन्हा माह्या आईले बोलला तं खाणीत फेकून देईन तुले!"

सरांनी ऐकलं, नूपुरनं ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. नंतर पुष्करनं स्वतःचं ताट स्वतः घासलं आणि जाता जाता "सॉरी मावशी" असं पुटपुटला. हे मात्र फक्त आईनं आणि मी ऐकलं.

रविवारी सकाळी सर पुढच्या आठवड्याचे पेपर छापून आणायला शहरात, सीताबर्डीला गेले. साडेबाराला मी दोनच कूलर भरले, मुलींचा आणि मुलांचा, काठोकाठ. एकला जेवणं झाली आणि सगळे आपापल्या खोलीत शिरले. चव्वेचाळीस डिग्रीत कुत्रंही बाहेर पडत नाही.

माझं मात्र पुस्तकात लक्ष लागत नव्हतं. नूपुर घोरत होती. दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. कडुनिंबाखाली ट्रॅक्टर, त्यामागं टँकर, बाजूला प्रीतमची बाज. बाज रिकामी होती. गेला असेल कुठं पाच मिनिटं, म्हणून मी परत बसले. अडीचला पुन्हा पाहिलं. तरी रिकामी. तीनलाही तेच. मग कधीतरी माझा डोळा लागला.

"उठ वं, चार वाजले, पाणी टाक!" प्रीतम दार वाजवत होता. मी चरफडत बाहेर आले. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. मी विचारलं नाही. पाणीवाल्याची पँट ओली असायचीच.

मुलींचा कूलर तळाला गेला होता, त्याला पाच बादल्या लागल्या. मुलांच्या कूलरमध्ये एक बादली ओतली तर पाणी वरून वाहू लागलं. चला, चार बादल्या वाचल्या म्हणून मला बरंच वाटलं. तेवढ्यात गौरांग डोळे चोळत दारात आला. "किती वाजले गं? मेल्यासारखा झोपलो होतो. पुष्कर कुठं गेला?" मी म्हटलं, मला काय माहीत, माझ्या खिशात नाही.

असं मी बोलले. तेव्हा पुष्कर मेलेला होता.

पावणेपाचला कवडूकाका रानातून धडपडत आला. बकऱ्या वळायला तो खड्ड्याकडं गेला होता. "पोरगं पडलं! खड्ड्यात पोरगं पडलं!" एवढंच म्हणत होता. प्रीतम त्याच्याबरोबर धावला. पुष्कर खड्ड्याच्या पायरीसारख्या दुसऱ्या टप्प्यावर पडला होता, पाण्याच्या वर, डोकं फुटलेलं. आणि त्याच्या शेजारी ट्रॅक्टरचा मोठा पाना, रक्त लागलेला. प्रीतमनं काय करावं? तो पाना उचलला. "हा तं आपला पाना," असं म्हणत. आपली वस्तू दिसली की माणूस उचलतो. कवडूकाका बघत होता. मग प्रीतमनंच ढिगाऱ्यावर चढून पोलिसांना फोन केला.

सर साडेपाचला आले, त्यांच्या मागोमाग जीप. फौजदार मॅडम होत्या, चाळिशीच्या, घामानं कॉलर भिजलेली, आणि दोन हवालदार. मॅडम आधी खड्ड्यावर जाऊन आल्या. पुष्करला चादरीत गुंडाळून नेलं तेव्हा चादरीतून त्याचा एक पाय बाहेर दिसत होता, निळ्या मोज्यातला. त्याच्याच ताटातल्या वांग्यावरून मी आदल्या रात्री मनात त्याला काय काय म्हटलं होतं, ते एकेक आठवायला लागलं.

व्हरांड्यात खुर्ची टाकून मॅडमनी एकेकाला विचारलं. फाटकातून दिवसभरात फक्त सरांची गाडी गेली, हे कवडूकाकानं सांगितलं. म्हणजे जे काय झालं ते आमच्यातल्याच कोणीतरी केलं होतं. हे सगळ्यांना एकदमच कळलं असावं, कारण सगळे एकमेकांपासून जरा जरा सरकून बसले.

गौरांग शांतपणे बोलला. "जेवून मी लगेच झोपलो. पुष्कर कधी उठून गेला ते कळलंच नाही. कूलरचा आवाज केवढा आहे, बघताय ना. एक ते चार, मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही."

नूपुरनं सांगितलं की पुष्करकडं दुसरा मोबाईल होता, लपवलेला, आणि तो दुपारी ढिगाऱ्यावर जाऊन फोन करायचा. तो मोबाईल कुठंच सापडला नव्हता. शनिवारच्या भांडणाचंही तिनंच सांगितलं, शब्दन् शब्द. सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही.

मग प्रीतम. "एक ते चार मी बाजेवर झोपलो होतो, मॅडम."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुझ्या खिडकीतून बाज दिसते. होता का हा?"

"होता," मी म्हणाले. "झोपला होता. मी पाहिलं."

खोटं इतकं पटकन आलं की मलाच दचकायला झालं. प्रीतमनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली घातली. मी का खोटं बोलले ते मला माहीत होतं. तो का बोलत होता? रिकामी बाज, ओली पँट, त्याचा पाना, त्याची धमकी. मी मनातल्या मनात ते जोडत गेले आणि थांबवता येईना. मला वाटलं, यानंच मारलं. माझ्या भावानं. आईसाठी, माझ्यासाठी, त्या एका वाक्यासाठी. मला रडू आलं नाही, राग आला. असा राग की त्याला तिथंच दोन ठेवून द्याव्यात.

मॅडमनाही तेच वाटत असणार. "पाना तुझा. धमकी तुझी. पँट अजून ओली. बहीण काय, सांगणारच. चल, बस जीपमध्ये."

आईनं हंबरडा फोडला नाही. ती फक्त प्रीतमच्या दंडाला धरून उभी राहिली आणि हवालदार सोडवायला लागला तरी सोडेना. "माह्या पोरानं नाही केलं," ती म्हणत होती, "माह्या पोरानं नाही केलं जी," परत परत, तेवढंच.

सर पुढं आले. "प्रेमिलाबाई, कायद्याला त्याचं काम करू द्या." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "करिष्मा, मागं थांबणारे हवालदार वर्गात बसून लिहिणार आहेत. तेवढा तिथला कूलर भर."

माझ्या भावाला नेत होते आणि मी कूलर भरायचा! बादली त्यांच्या डोक्यावर रिकामी करावी असं वाटलं. पण पाय आपोआप टँकरकडं गेले. सवय वाईट. वर्गाचा कूलर कालपासून बंद, ठणठणीत. एक बादली, दोन, तीन. हात काम करत होते आणि डोकं जीपकडं. चौथी. पाचवी. पाचव्या बादलीला टाकी भरली आणि मी तशीच उभी राहिले.

पाच. कोरड्या टाकीला पाच बादल्या लागतात. मुलींच्या कूलरला चारला पाच लागल्या होत्या, कारण तो साडेबारापासून चालू होता. आणि मुलांच्या कूलरला एक.

मी बादली घेऊन धावत मुलांच्या खिडकीशी गेले. कदाचित त्याचा पंप बिघडला असेल, गवताच्या ताट्यांवर पाणी चढतच नसेल. हात लावून पाहिलं. ताट्या चिंब, पंप व्यवस्थित. झाकण सरकवून टाकीत हात घातला. चारला मी काठोकाठ भरलेलं पाणी अडीच तासांत वीतभर खाली गेलं होतं. म्हणजे कूलर नेहमीसारखाच पीत होता. मग दुपारी साडेतीन तासांत फक्त एक बादली कशी प्याला? लाईट गेली म्हणावं तर मुलींचा कूलर त्याच लायनीवर.

कूलर दुपारभर बंद होता. जाताना बटण बंद करायचं, ही सरांची शिस्त सगळ्यांच्या हातात बसलेली. आणि एका बादलीच्या हिशोबानं, साडेतीनच्या आसपास कोणीतरी येऊन सुरू केला होता.

"काय करतेस?"

गौरांग मागं उभा होता. माझा हात अजून टाकीत होता.

"पाणी पाहते," मी म्हणाले. आवाज जमेल तितका साधा ठेवला. "दुपारी मधे बंद केला होता का रे?"

"नाही गं. पूर्ण वेळ चालू. मला तर थंडी वाजली, चादर घेतली मी." तो हसला. "दे ती बादली, आज मी भरतो. तुझं काय चाललंय आणि सरांना कूलरची पडलीय."

त्यानं बादली घेतली, उचलली आणि थेट कूलरच्या डोक्यावर ओतायला गेला, जिथून खाली सरळ मोटर आहे. मी त्याचा हात धरला. चाळीस दिवस हा मुलगा या कूलरच्या हवेत झोपला आणि पाणी कुठून टाकतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या घरी एसी. पाणी खाली जातं, कोणीतरी ते भरतं, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नसणार. पूर्ण बाहीचा शर्ट मागं सरकला आणि त्याच्या मनगटावर तीन लांब ओरखडे दिसले. बाभळीचे. ताजे.

मी ओरखड्यांकडं पाहत होते आणि तो माझ्याकडं.

"करिष्मा," तो हळूच म्हणाला, "यावर्षी तुझं सिलेक्शन नक्की आहे. मी सांगतो ना. बारा दिवस राहिले. आता दुसऱ्या कशात डोकं नको घालूस."

तो माझ्या आणि व्हरांड्याच्या मधे उभा होता. मागं भिंत, बाजूला कूलर घरघरतोय. ओरडले असते तरी त्या आवाजात कोणाला कळलं नसतं. मग पलीकडं जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी त्याच्या हातातली बादली खालून जोरात उडवली. पाणी त्याच्या तोंडावर गेलं, बादली कपाळावर. मी पळाले.

"मॅडम! मॅडम, थांबा! मी खोटं बोलले!"

जीप थांबली. मॅडम खाली उतरल्या. प्रीतम मागच्या जाळीतून पाहत होता. आई अजून तिथंच होती. आता बोलायचं म्हणजे आधी स्वतःच्याच भावाच्या गळ्यात फास घालायचा. कारण मी एका गोष्टीत खोटी ठरले की दुसरी खरी कोण मानणार? पण निम्मं खरं सांगून चालणार नव्हतं.

"दादा बाजेवर नव्हता," मी म्हणाले. "दोनला नव्हता, अडीचला नव्हता, तीनला नव्हता."

आईनं माझ्याकडं असं पाहिलं की ते मी जन्मात विसरणार नाही.

"पण गौरांगसुद्धा खोलीत नव्हता. त्यांचा कूलर बंद होता दुपारभर. चारला मी भरला तर एकच बादली लागली, मॅडम. मुलींच्याले पाच लागल्या."

हवालदार वैतागला. "कूलरचं काय घेऊन बसली वं पोरी? इथं मर्डर झाला आहे."

मॅडमनी मात्र त्याला हातानंच थांबवलं. "साडेबाराला पूर्ण भरला होतास?"

"काठोकाठ."

"आणि आता?"

"अडीच तासांत वीतभर उतरला. हात घालून पाहिलं मी."

मॅडमनी हवालदाराकडं पाहिलं. "तुमच्या घरी कूलर कोण भरते हो?"

"मिसेस," तो म्हणाला.

"वाटलंच." त्या तरातरा मुलांच्या खोलीकडं निघाल्या. "मी ड्यूटीवर निघायच्या आधी दोन भरून येते. रोज."

त्यांनी स्वतः टाकीत हात घातला. गौरांग व्हरांड्यात उभा होता, चिंब, कपाळावर टेंगूळ. मॅडमनी त्याला परत विचारलं, कूलर पूर्ण वेळ चालू होता ना? तो हो म्हणाला. मधे एकदाही बंद नाही? नाही. मग त्यांनी त्याला बाह्या वर करायला सांगितलं, मग ट्रॅकपँट. दोन्ही नडग्यांवर काट्यांच्या रेघा होत्या आणि मोज्यात बाभळीचा एक काटा अजून अडकलेला होता.

"आणि तू?" मॅडम प्रीतमकडं वळल्या. "बाजेवर नव्हतास, तर कुठं होतास? आता खरं बोल."

प्रीतमनं आईकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "टाकीत."

"कुठं?"

"टँकरमधे जी. उन्हात लय तापते. टँकर रिकामा होत आला की झाकणातून आत उतरतो. गुडघाभर पाणी राहते खाली, सावलीत उभा असते, मस्त थंड राहते. थेच पाणी पोरं पितात म्हणून बोललो नाही. सरांनी काढून टाकलं असतं मले."

"त्याच पाण्यात मी डाळ शिजवते रे!" आई ओरडली आणि तिनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की हवालदारसुद्धा मागं सरला. दुपारपासून पहिल्यांदा ती रडायला लागली.

"दोन-अडीचला ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सचं झाकण वाजलं होतं," प्रीतम म्हणाला. "मले वाटलं आई असन. आतून कसा बोलू?"

गौरांग व्हरांड्याच्या पायरीवर खाली बसला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, तोच बोलायला लागला. पुष्करला गौरांगच्या बॅगेत सरांच्या सराव पेपरांच्या झेरॉक्स सापडल्या होत्या. सगळ्याच पेपरांच्या, परीक्षेच्या आधीच्या. पहिला नंबर असा यायचा. पुष्करनं त्यांचे फोटो काढले आणि दुपारी ढिगाऱ्यावर गेला, पालकांच्या ग्रुपवर टाकायला. गौरांग मागोमाग गेला. त्यानं विनवलं, पुष्कर हसला. "पप्पांना कळलं असतं," गौरांग म्हणाला. "मी फक्त मोबाईल ओढला. मग ढकललं." मोबाईल त्यानं पाण्यात फेकला. खाली उतरून पाहिलं तर पुष्कर हलत नव्हता.

ढकललं ते रागात, हे मी समजू शकते. मलाही राग येतो. पण त्यानंतर तो रानातून परत आला, टूलबॉक्स उघडला, पाना घेतला, पुन्हा रानातून खाली गेला, पाना रक्तात बुडवून ठेवला आणि येऊन कूलर सुरू करून झोपला. हे सगळं त्यानं शांत डोक्यानं केलं.

"पाना काहून आणला?" मी विचारलं. मॅडमनी मला अडवलं नाही.

"काल त्यांचं भांडण झालं होतं ना," तो म्हणाला. "मला तो टँकरवाला आठवला. फक्त टँकरवाला." मग माझ्याकडं पाहून, जणू मला बरं वाटावं म्हणून, म्हणाला, "खरं सांगतो करिष्मा, तो तुझा भाऊ आहे हे डोक्यातच आलं नाही."

मी त्याच्याकडं पाहत राहिले. चाळीस दिवस तो माझ्या शेजारी बसून मला गणितं समजावत होता, आणि प्रीतम रोज त्याच दारातून मला हाक मारत होता. मला त्याला मारायचं होतं आणि मला रडायचं होतं, आणि यातलं काहीच मी केलं नाही.

जीप गेली, गौरांगला घेऊन. सर आपल्या खोलीत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. नूपुर माझ्याजवळ आली, "सॉरी यार" म्हणाली, मी "ठीक आहे" म्हणाले. ठीक काहीच नव्हतं. पुष्करच्या आईबाबांना रायपूरला फोन गेला होता. ते निघाले असतील, गाडीत बसले असतील, एवढंच डोक्यात येत होतं.

उजेड अजून थोडा शिल्लक होता. आईनं चहा केला, बाटलीतल्या पाण्याचा. मी प्रीतमचा कप घेऊन कडुनिंबाखाली गेले. तो बाजेवर बसला होता, मनगटं चोळत. मी शेजारी बसले. त्यानं दोन घोट घेतले.

"करिष्मा, एक सांग. तू मॅडमले काहून सांगितलं, मी बाजेवर होतो म्हणून? तू तं पाह्यलं होतं, बाज रिकामी आहे."

"तू वाचावं म्हणून," मी म्हणाले.

"कशापासून? मी तं काही केलंच नव्हतं."

तो कपात पाहत होता. रानाकडून कवडूकाकाच्या बकऱ्यांचा आवाज येत होता, कोणी त्यांना बांधलं नव्हतं.

"म्हणजे तुले वाटलं, मीच मारला त्याले."

नाही म्हणता आलं असतं. त्यानं ते मानलंही असतं, त्याला मानायचंच होतं. पण दिवसभरात मी एकदा त्याच्यासाठी खोटं बोलून पाहिलं होतं.

"हो," मी म्हणाले. "वाटलं."

मग उरलेला चहा त्यानं एका घोटात संपवला आणि कप माझ्या हातात दिला.

"आईले नको सांगू," तो म्हणाला.